खंबाटकीत इंजिन बसलं, आणि कंपनी म्हणते चूक तुमची

मेणवलीचा मन्या | १० जून २०२५, रात्री ११:४०

मंडळी, डोकं फिरलंय म्हणून थेट लिहितोय. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

रविवारी सकाळी पुण्याहून गावी निघालो. आई मागे, बायको शेजारी, डिकीत बाबांच्या वर्षश्राद्धाचं सामान. खंबाटकीचा चढ (साताऱ्याकडे जाताना घाट, येताना बोगदा, माहीतच असेल). तिसरा गिअर, पुढे सिमेंटचा ट्रक. अचानक बॉनेटखालून खट-खट-खट. आतून कुणी हातोडी मारतंय असा आवाज. ऑइलचा लाल दिवा लागला. गाडी कडेला घेईपर्यंत दहाएक सेकंद गेले असतील, तेवढ्यात इंजिन बंद. परत बटण दाबलं तर नुसतं 'टक्'.

गाडी टर्बो पेट्रोल, डिसेंबर २०२१ ची, ६१,४०० किमी. सगळ्या सर्व्हिस कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपलाच केल्यात. मूळ वॉरंटी ३ वर्षांची होती. ती संपताना गेल्या डिसेंबरात चौथ्या-पाचव्या वर्षाची वाढीव वॉरंटी २१ हजार मोजून घेतली. म्हणजे कागदावर मी सुरक्षित.

टो करून पुण्याला वर्कशॉपला आणली. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने गाडी रॅम्पवर चढवली, खालून टॉर्च मारला आणि दोन मिनिटांत निकाल दिला. "सर, चेंबरला मार आहे बघा. दगड लागून ऑइल गेलंय, इंजिन सीज, म्हणजे जाम. वॉरंटीत बसत नाही, इन्शुरन्सला टाका." चेंबर म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, आणि मार म्हणजे दोन बोटं लांबीचा ओरखडा! इन्शुरन्सवाल्यांना फोन केला तर ते म्हणतात, इंजिन आतून गेलं म्हणजे मेकॅनिकल ब्रेकडाउन, ते आमच्याकडे येत नाही.

अंदाजपत्रक ३ लाख ८४ हजार. आणि इंजिन उघडायचे ३८ हजार वेगळे, वॉरंटी नाकारली तर तेही माझ्याच खिशातून. उद्या सकाळी सही मागितली आहे. करू का?

---

दहा-बाराचा पाना | १० जून, रात्री ११:५८

सही करू नका दादा. थांबा.

कोल्हापुरात आमचं गॅरेज आहे, वडिलांपासून. मला एवढंच सांगा, गाडी घाटात उभी होती तिथं खाली ऑइल सांडलं होतं का? टो करणाऱ्याच्या गाडीवर डाग पडला का? चेंबर फुटून ऑइल गेलं तर मागं रस्ताभर काळा पट्टा पडतोय आणि इंजिनाखाली डबकं साचतंय. ओरखडा काय, पुण्यातल्या निम्म्या गाड्यांच्या चेंबरला हाय. स्पीडब्रेकरची कृपा.

---

मेणवलीचा मन्या | ११ जून, रात्री १२:१०

एक थेंब नव्हता. दोन तास तिथेच उभे होतो, आई गाडीशेजारी सतरंजी टाकून बसली होती. डाग असता तर सतरंजीला लागला असता.

---

दहा-बाराचा पाना | ११ जून, रात्री १२:२२

मग उद्या त्यास्नी सांगा, आधी ऑइल काढा. माझ्यासमोर, मापट्यात, मोबाइल चालू ठेवून. पुस्तकात लिहिलंय तेवढं किंवा त्याच्या जवळपास निघालं तर दगडाची गोष्ट संपली. आणि लाल दिव्याचं एक ध्यानात ठेवा. तो ऑइलची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. ऑइल भरपूर असून पण दाब पडू शकतो. ऑइल ओढायची जाळी चोंदली, पंप गेला, बेअरिंग ढिलं झालं, कशानंही. दिवा लागला म्हंजे ऑइल कमी होतं, असं ते म्हणतील. ऐकू नका.

---

कडुनिंब | ११ जून, सकाळी ७:०५

मी नाशिकला ग्राहक आयोगात वकिली करते. पानादादांचं बरोबर आहे, फक्त त्यात कागदाची भर घालते.

सही अजिबात नाही म्हणालात तर गाडी महिनाभर तशीच पडून राहील आणि 'ग्राहकाने सहकार्य केले नाही' असं पत्र येईल. सही करा, पण तिच्या वर स्वतःच्या हाताने लिहा: "केवळ तपासणीसाठी परवानगी. दोषाच्या जबाबदारीबाबत माझे सर्व हक्क राखून. इंजिन माझ्या उपस्थितीत उघडावे." त्या कागदाचा फोटो काढा आणि लगेच डीलर व कंपनी दोघांनाही ईमेल करा. गाडीच्या संगणकातला एरर कोड काढतील, त्याची प्रिंट मागा. त्यावर किलोमीटर येतात.

आणि वॉरंटी नाकारायची असेल तर पुस्तिकेतल्या कुठल्या कलमाखाली, ते लेखी द्या म्हणावं. तोंडी नकारावर भांडता येत नाही.

---

काउंटरच्या आत | ११ जून, सकाळी ८:३०

सात वर्षं अशाच एका वर्कशॉपमध्ये अ‍ॅडव्हायझर होतो, आता दुसऱ्या धंद्यात आहे. नाव विचारू नका.

मी होतो तिथे कसं चालायचं ते सांगतो. मोठं वॉरंटी काम असलं की डीलरला कंपनीची आधी मंजुरी लागते. मंजुरी देणारा माणूस बहुतेक वेळा गाडी बघतच नाही, त्याच्याकडे फोटो आणि चार ओळी जातात. त्या चार ओळी अ‍ॅडव्हायझर लिहितो. वॉरंटीच्या कामाची मजुरी कंपनी स्वतःच्या दराने देते, तो दर गिऱ्हाइकाच्या बिलापेक्षा कमी. शिवाय क्लेम नंतर फेटाळला तर पैसे डीलरच्या खात्यातून परत जातात. त्यामुळे शंका आली की 'गिऱ्हाइकाची चूक' लिहिणं सगळ्यात सोपं. आम्हाला कुणी तसं शिकवलं नव्हतं. सगळे करायचे, आपणही करायचो.

तुमच्या चेंबरचा फोटो बहुतेक कालच पुढे गेलाय. आता ऑइल मोजल्याचा व्हिडिओही त्याच माणसापर्यंत पोहोचला पाहिजे.

---

तिरकस | ११ जून, सकाळी ९:१५

कंपनीचं नाव लिहा की राव. उगाच सस्पेन्स.

संपादक मंडळ | ११ जून, सकाळी ९:४०

वाद चालू असताना कंपनी किंवा डीलरचं नाव नको. धोरण माहीत आहे.

---

मेणवलीचा मन्या | १३ जून, रात्री ९:२०

अपडेट.

रजा टाकून सकाळी दहाला गेलो. कडुनिंबताईंनी सांगितलं ते लिहून सही केली. अ‍ॅडव्हायझरने वाचलं, माझ्याकडे बघितलं, आत जाऊन मॅनेजरला आणलं. अर्धा तास कुजबुज, मग तयार झाले.

ऑइल काढलं. क्षमता ३.६ लिटर. निघालं ३.३ लिटर.

मॅनेजर म्हणाला, "थोडं फिल्टरमध्ये राहतंच." मी म्हटलं, मग दगडाने सांडलं कुठे? तो म्हणाला, "सर, पुढे बघू."

मग चेंबर खाली काढला. आत काळा चिकट थर, डांबरावर सोनेरी भुकटी टाकल्यासारखा. ऑइल ओढणारी जाळी अर्ध्याच्या वर बुजलेली. तिसऱ्या सिलिंडरच्या कनेक्टिंग रॉडचं (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) बेअरिंग जागेवरून फिरलेलं, क्रँकवर (पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा) नख अडकेल एवढे चरे. सगळ्याचा व्हिडिओ आहे. बेअरिंगचे तुकडे मागितले तर म्हणाले, वॉरंटीचा पार्ट कंपनीची मालमत्ता. मी म्हटलं, वॉरंटी तर तुम्ही नाकारताय! मग मालमत्ता कुणाची? यावर उत्तर नव्हतं, पण तुकडेही दिले नाहीत.

---

दहा-बाराचा पाना | १३ जून, रात्री ९:४५

बिग एंड बेअरिंग गेलं, म्हंजे रॉडच्या क्रँककडच्या टोकाचं. क्रँक न् बेअरिंग एकमेकाला टेकत नाहीत दादा, मधी ऑइलचा पापुद्रा असतोय, केसापेक्षा बारीक. जाळी बुजली की पंपाला पुरेसं ऑइल मिळत नाही, चढाला लोड आला की पापुद्रा तुटतो, लोखंडाला लोखंड लागतं. सोनेरी भुकटी म्हंजे ते बेअरिंगच दळून निघालेलं.

पण जाळी का बुजली हा खरा प्रश्न. शेवटची सर्व्हिस कधी? ऑइल कुठल्या ग्रेडचं, म्हंजे किती घट्ट-पातळ, टाकलं? बिलं काढा.

---

मेणवलीचा मन्या | १४ जून, सकाळी १०:००

शेवटची सर्व्हिस मे महिन्यात, ५९,८०० ला. म्हणजे १,६०० किमीच चाललीय नव्या ऑइलवर! बिलावर ५डब्ल्यू-३० लिहिलंय. गाडीच्या पुस्तकात ०डब्ल्यू-२० आहे.

---

दहा-बाराचा पाना | १४ जून, सकाळी १०:३५

बॅरेलचं ऑइल. एका पिंपातनं सगळ्या मॉडेलला. चुकीचंच केलंय, पण खरं सांगतो, एवढ्या ग्रेडच्या फरकानं १,६०० किमीत इंजिन बसत नाही. थर जुना हाय, वर्षं-दोन वर्षांचा. ग्रेडवर सगळी केस टांगू नका, त्यांचा इंजिनिअर तुम्हाला तिथंच गुंडाळंल.

---

निवृत्त सर्व्हेअर | १५ जून, दुपारी ४:१०

इन्शुरन्सचा मुद्दा मिटवून टाकतो. ३१ वर्षं हेच केलं.

साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत अपघात, चोरी, आग, पूर हे येतं. झीज आणि यांत्रिक बिघाड वगळलेले असतात. इंजिन प्रोटेक्ट नावाचं जोडकलम असतं, तेही मुख्यतः पाणी शिरून किंवा चेंबर फुटून ऑइल जाऊन झालेल्या नुकसानीसाठी. मन्या, तुझं ऑइल गेलेलंच नाही, म्हणजे हा क्लेम बसत नाही. डीलर तुला तिकडे ढकलतोय कारण इन्शुरन्सचं काम त्याला पूर्ण दराने मिळतं. आणि दगड लागला असं क्लेम फॉर्मवर लिहून द्यायचा मोह टाळ. ते खोटं ठरेल, आणि वॉरंटीच्या भांडणात तुझ्याच सहीचा कागद तुझ्यावर उलटेल.

विषय निघाला म्हणून सांगतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतरचे दोन महिने मी फक्त वाकलेले कनेक्टिंग रॉड बघितले. पाणी ओसरल्यावर लोकांनी 'बघू चालू होते का' म्हणून किल्ली फिरवली. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी चालू करू नका, हे तेव्हापासून सांगतोय, दर पावसाळ्यात कुणीतरी करतंच.

---

मेणवलीचा मन्या | २ जुलै, सायंकाळी ६:५०

कंपनीचं लेखी उत्तर आलं. दगड गायब. आता म्हणतात, "अयोग्य देखभालीमुळे इंजिनात गाळ साचला. ४०,००० किमीची सर्व्हिस १,९०० किमी उशिरा केल्याने वॉरंटीच्या अटींचा भंग झाला आहे."

तिरकस | २ जुलै, सायंकाळी ७:०२

तीन आठवड्यांत दोन कारणं. तिसरं बहुतेक साडेसाती.

पण आता उलट बाजूने विचारतो. १,९०० उशीर केलात हे पहिल्या पोस्टमध्ये का नाही लिहिलं? "सगळ्या सर्व्हिस अधिकृत" एवढंच लिहिलंत. वेळेवर, असं नाही लिहिलंत. मीही तेव्हा वाचून निसटू दिलं.

मेणवलीचा मन्या | २ जुलै, रात्री ८:३०

बरोबर पकडलंत. मे २०२४. बाबा वाईला दवाखान्यात होते. दर दोन दिवसांनी पुणे-वाई. सर्व्हिसचा मेसेज यायचा, मी पुसून टाकायचो. ४१,९०० ला नेली. हे लिहायला हवं होतं.

तिरकस | २ जुलै, रात्री ८:४१

माफ करा. पण कंपनीचा वकील याहून वाईट शब्दांत विचारेल, म्हणून विचारलं.

---

कडुनिंब | ३ जुलै, सकाळी ६:४५

मन्याभाऊ, रात्रभर तुमच्या तारखा डोक्यात होत्या. ओळीने मांडून बघा.

मे २०२४ ला उशिरा सर्व्हिस. वर्कशॉपने गाडी घेतली, ऑइल बदललं, पैसे घेतले. उशीर झाल्याने वॉरंटी गेली, असं कुणी लिहून दिलं का? नाही. नोव्हेंबर २०२४ ला पुढची सर्व्हिस, तेव्हाही अवाक्षर नाही. आणि डिसेंबर २०२४ ला त्याच गाडीची वाढीव वॉरंटी तुम्हाला २१ हजारांना विकली. तो उशीर त्यांच्याच संगणकात होता. तो माहीत असताना त्यांनी तुमच्याकडून विम्यासारखे पैसे घेतले आणि आता त्याच उशिराचं कारण पुढे करून हात वर करताहेत. ज्या दोषाकडे पैसे घेताना बघितलं नाही, तो पैसे द्यायच्या वेळी दाखवता येणार नाही, हा तुमचा मुख्य मुद्दा. ग्रेड, दगड, जाळी हे सगळं त्याच्या मागून.

वाढीव वॉरंटी देताना गाडीची तपासणी करतात, त्या तपासणीचा कागद मागा. आहे का तुमच्याकडे?

मेणवलीचा मन्या | ३ जुलै, सकाळी ७:२०

आहे!! पिवळी प्रत. "इंजिन: ठीक" वर टिक आणि शिक्का. ग्लोव्ह बॉक्समध्ये पडून होती, पीयूसीच्या खाली.

काउंटरच्या आत | ३ जुलै, सकाळी ९:००

ती प्रत लॅमिनेट करा. चेष्टा नाही. कार्बनची शाई उडते.

---

एडिसनची अबोली | ३ जुलै, रात्री ८:१५

धागा पहिल्यापासून वाचतेय. इथे अमेरिकेत ह्युंदाईच्या थीटा-२ इंजिनाचं प्रकरण खूप गाजलं, ते अगदी याच भागाचं, म्हणून लिहिते.

२.० आणि २.४ लिटरची पेट्रोल इंजिनं. अलाबामातल्या कारखान्यात क्रँकशाफ्ट घडवताना धातूचे बारीक कण ऑइलच्या वाटेत राहिले. तेच कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगपर्यंत जायचे आणि इंजिन चालत्या रस्त्यावर बसायचं. सप्टेंबर २०१५ मध्ये २०११-१२ च्या सुमारे ४ लाख ७० हजार सोनाटा परत बोलावल्या. मार्च २०१७ मध्ये ह्युंदाई आणि किया मिळून आणखी जवळपास १२ लाख. मधल्या काळात कितीतरी मालकांना ऐकवलं गेलं की ऑइल वेळेवर बदललं नाही, पावत्या दाखवा.

फरक पडला तो आतल्या माणसामुळे. कंपनीचाच एक कोरियन इंजिनिअर २०१६ मध्ये कागद घेऊन इथल्या रस्ता सुरक्षा खात्याकडे गेला. २०२० मध्ये दोन्ही कंपन्यांनी मिळून २१ कोटी डॉलरच्या दंडाचा समझोता केला आणि २०२१ मध्ये त्या इंजिनिअरला २ कोटी ४० लाख डॉलरहून जास्त बक्षीस मिळालं. मालकांच्या सामूहिक दाव्यात त्या इंजिनांच्या खालच्या भागाला आयुष्यभराची वॉरंटी मिळाली.

मन्या, तुझ्या मॉडेलच्या बाकी मालकांना विचारलंस का? एक इंजिन गेलं की ती मालकाची चूक असते, हजार गेली की दोष असतो.

टाकी फुल | ३ जुलै, रात्री ९:३०

ताई, अमेरिकेत ते शक्य आहे. इथे रिकॉल म्हणजे कंपनीची मर्जी.

कडुनिंब | ४ जुलै, सकाळी ७:१०

पूर्वी तसंच होतं. २०१२ पासून कंपन्यांनी आपणहून पाळायची संहिता होती. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०अ आलं आणि एप्रिल २०२१ पासून सरकार सक्तीने रिकॉल करायला लावू शकतं. मालकांनी वाहन पोर्टलवर तक्रार नोंदवायची असते. नोंदवतं कोण? आपण फेसबुकवर नोंदवतो.

---

मेणवलीचा मन्या | ६ जुलै

मॉडेलच्या ग्रुपवर विचारलं. जाळी बुजून इंजिन गेलेले सहा जण सापडले. एक मडगावचा, एक नागपूरचा. दोघांना कंपनीने फुकट करून दिलं, बाकीचे भरून मोकळे झाले. ज्यांना फुकट मिळालं त्यांनी काय वेगळं केलं विचारलं तर नागपूरकर म्हणाला, "काही नाही जी, रोज फोन केला."

---

गंमतजंमत | ८ जुलै

भाबडा प्रश्न. बाहेरच्या गॅरेजला सर्व्हिस केली असती तर वॉरंटी आपोआप गेली असती ना? मी तर ब्रेक पॅडसुद्धा भीतीने अधिकृत ठिकाणीच बदलते.

कडुनिंब | ८ जुलै

स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटींचा दंड लावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू देत नाहीत म्हणून. त्याच आदेशात असंही होतं की बाहेर काम केलं एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द, अशी अट घालू नये. बाहेरच्या कामामुळेच नुकसान झालं असेल तर गोष्ट वेगळी. पुढे अपिलं झाली, दंड कोर्टकचेऱ्यांत अडकला. पण ब्रेक पॅड बाहेर बदलले म्हणून इंजिनाची वॉरंटी कुणी नाकारली तर हा आदेश तोंडावर मारता येतो.

दहा-बाराचा पाना | ८ जुलै

या गंमतजंमतताई कोल्हापूरला. चहा फुकट.

---

मेणवलीचा मन्या | ३० जुलै, रात्री १०:१५

कंपनीची 'गुडविल' आली, म्हणजे हक्क म्हणून नाही, मेहेरबानी म्हणून सूट. हा शब्द आता मला शिवीसारखा वाटतो. सुट्या भागांच्या किमतीत निम्मी सूट, मजुरी माझी. म्हणजे मला २ लाख ५ हजार. सात दिवसांत कळवा, नाहीतर १ ऑगस्टपासून पार्किंगचे रोज ५०० रुपये.

हप्ता चालू आहे. दोन महिने ओला-उबरवर पाण्यासारखा पैसा गेलाय. बायको म्हणते, घ्या आणि मोकळे व्हा. काय करू?

निवृत्त सर्व्हेअर | ३० जुलै, रात्री १०:४०

मी तिच्या बाजूने आहे. आयोगात वर्ष-दोन वर्षं जातील. गाडी उभी राहून सडते, बॅटरी, टायर, क्लच. तत्त्वाची किंमत काढ आणि ती दोन लाखांहून जास्त निघते का बघ.

तिरकस | ३० जुलै, रात्री १०:५२

काकांशी सहमत. हे लिहिताना हात थरथरतोय.

काउंटरच्या आत | ३० जुलै, रात्री ११:२०

पहिली ऑफर निम्म्याची आली म्हणजे त्यांच्या फाइलमध्ये तुमची बाजू भक्कम आहे. कमकुवत असती तर नुसता 'खेद आहे' असा ईमेल आला असता. माझं मत, अजून एक धक्का द्या.

कडुनिंब | ३१ जुलै, सकाळी ६:३०

निर्णय तुमचा, मन्याभाऊ. मी फक्त खर्च सांगते. गाडीची किंमत १० ते २० लाखांत असल्याने जिल्हा आयोगाची फी ४०० रुपये. घर पुण्यात, म्हणून दावा पुण्यातच लावता येतो, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. २०१९ च्या कायद्यातली ती सोय आहे. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होतं. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं, म्हणजे घाई तुम्हाला नाही. पार्किंगच्या धमकीला आजच ईमेलने उत्तर द्या, की गाडी वॉरंटीच्या वादामुळे वर्कशॉपच्या ताब्यात आहे, आकार मान्य नाही.

दोन गोष्टींची तयारी ठेवा. एक, नवी गाडी मागू नका. मारुतीच्या एका प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचं वचन असेल तर तेवढंच मिळतं, अख्खी गाडी नाही. इंजिनाची दुरुस्ती, टोइंगचा खर्च आणि त्रासाची भरपाई एवढंच मागा. दुसरं, कंपनी आणि डीलर दोघांनाही प्रतिवादी करा. गोव्यात एका ग्राहकाला २००९ ची गाडी २०११ ची म्हणून विकली गेली होती. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात टाटा मोटर्सला मोकळं केलं. डीलर स्वतंत्र व्यापारी आहे, त्याच्या कृत्याला निर्माता आपोआप जबाबदार नाही म्हणून. तुमच्या प्रकरणात ऑइल डीलरने टाकलं आणि वॉरंटी कंपनीच्या नावाची आहे. एकालाच ओढलंत तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवेल.

---

टाकी फुल | १९ ऑगस्ट

मूळ कारण कुणी बोलतच नाहीये. ई२०! पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल ओततात, इथेनॉल पाणी ओढतं, इंजिन सडतं. २०२३ आधीच्या सगळ्या गाड्या मरणार आहेत. मन्या, तू २०२१ चा. कंपनीला नको, सरकारला कोर्टात खेच.

दहा-बाराचा पाना | १९ ऑगस्ट

इथेनॉलनं रबराचे पाइप, सील, फ्युएल पंप यांचा त्रास होतोय, जुन्या गाड्यांना बघितलाय. अ‍ॅव्हरेज पडतंय ते तर रोज ऐकतो. पण पेट्रोलची वाट वेगळी, क्रँकच्या ऑइलची वाट वेगळी. मन्यादादाचं दुखणं जाळीत हाय.

टाकी फुल | १९ ऑगस्ट

तुम्हाला सरकारने पैसे दिलेत का?

दहा-बाराचा पाना | १९ ऑगस्ट

दिलेत की. त्यातनंच लेथ घेतली.

संपादक मंडळ | १९ ऑगस्ट

ई२० साठी वेगळा धागा आहे. पुढचे दहा प्रतिसाद तिकडे हलवले आहेत.

---

मेणवलीचा मन्या | २६ ऑगस्ट, रात्री ११:००

उद्या गणपती. मूर्ती यंदा शेजाऱ्यांच्या गाडीतून आणली.

काल दावा दाखल केला. ४०० रुपये. सोबत पिवळी प्रत, ऑइल मोजल्याचा व्हिडिओ आणि ती दोन वेगवेगळी कारणं: जॉब कार्डवरचा (वर्कशॉपचा कामाच्या नोंदीचा कागद) 'बाहेरून मार' आणि ईमेलमधला 'गाळ'. उशिरा सर्व्हिस केल्याचं मी स्वतःच पहिल्या पानावर लिहिलंय. कडुनिंबताईंनी सांगितलं, त्यांनी उकरून काढण्याआधी आपण सांगायचं. बायकोशी दोन दिवस अबोला होता, आज मोदक करताना सुटला.

---

मेणवलीचा मन्या | १२ सप्टेंबर

फोन आला. यावेळी अ‍ॅडव्हायझर नाही, प्रादेशिक ऑफिसमधला कुणीतरी साहेब. आवाज एकदम मऊ. नवं हाफ इंजिन (ब्लॉक, क्रँक, पिस्टन असा खालचा भाग) पूर्ण फुकट, मजुरी त्यांची. हेडचं (इंजिनाचा वरचा भाग) काम, गॅस्केट सेट, ऑइल, कूलंट माझं, १४ हजार. पार्किंग माफ. बदल्यात दावा मागे घ्यायचा आणि कुठेही नाव घ्यायचं नाही.

तिरकस | १२ सप्टेंबर

म्हणजे ज्या नावासाठी मी तीन महिने हा धागा वाचतोय ते कधीच कळणार नाही.

मेणवलीचा मन्या | १२ सप्टेंबर

सही केली राव. टोइंगचे साडेसहा हजार आणि दोन महिन्यांची टॅक्सी सोडून दिली. चूक झाली असेल तर झाली असेल. मला गाडी हवी होती.

कडुनिंब | १२ सप्टेंबर

चूक नाही. फक्त हाफ इंजिनावर वॉरंटी किती, ते त्याच कागदावर लिहून घेतलंत ना?

मेणवलीचा मन्या | १२ सप्टेंबर

घेतलं. एक वर्ष किंवा २० हजार किमी.

एडिसनची अबोली | १२ सप्टेंबर

आनंद आहेच. पण त्या उरलेल्या चौघांचं काय, ज्यांनी आधीच भरलेत?

---

मेणवलीचा मन्या | २ ऑक्टोबर, दसरा

गाडी आली. सकाळी हार घातला, आईने चाकाखाली लिंबू ठेवलं. आवाज शांत आहे. दुपारी खंबाटकी चढून वाईला आलो, घाटभर रेडिओ बंद ठेवून नुसतं ऐकत होतो. चौघांपैकी तिघांना माझ्या दाव्याचा मसुदा पाठवलाय, नावं काढून.

सगळ्यांना सोनं! पानादादा, तुमच्यासाठी कंदी पेढे पाठवतोय.

दहा-बाराचा पाना | २ ऑक्टोबर

पेढे पोचतील तेव्हा पोचतील. दादा, नवा ब्लॉक घातलाय ना, त्यावरचा इंजिन नंबर आरसीवर चढवला का?

मेणवलीचा मन्या | २ ऑक्टोबर

कुठला नंबर?

दहा-बाराचा पाना | २ ऑक्टोबर

ब्लॉकवर ठोकलेला असतोय. आरसीवर जुना, गाडीत नवा, असं झालं तर क्लेमला न् विकायच्या वेळी बोंब. बॉनेट उघडून बघा.

मेणवलीचा मन्या | २ ऑक्टोबर

टॉर्च घेऊन आलो बघून. कोराय ब्लॉक. काहीच ठोकलेलं नाही.

दहा-बाराचा पाना | २ ऑक्टोबर

सोमवारी वर्कशॉपला जावा. त्यांच्याकडनं बदलल्याचं पत्र आणि ब्लॉकचं बिल घ्या, मग आरटीओ. आणि सही करायच्या आधी इथं टाका.